तीस माणसांचा मलिदा

लंडन,
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय शिल्पा,

परवा फोनवर तू इतकी आनंदात होतीस की मला मध्ये बोलायला फट सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर काय बोलावं ते सुचतही नव्हतं. तीस माणसांच्या मलिद्याला पोहे किती लागतील, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी पत्रातून कळवते म्हणून टोलवलं. तुला वाटलं असेल, सासूबाईंना आता साधं मापही आठवेनासं झालं. मापं मला सगळी पाठ आहेत गं, झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. पण फोनवर माझं हे असं होतं. मी सगळं गोड गोड बोलते आणि रिसीव्हर ठेवल्यावर स्वतःवरच चिडत बसते. म्हणून आज सकाळपासून दार लावून हे लिहायला बसले आहे.

आधी तुला हवं ते सांगते. पोहे जाडे घे, पातळांचा लगदा होतो. धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. नारळ ओला हवा. ग्लासगोत तो मिळतो, गेल्या वर्षी आपण दोघींनी त्या पंजाबी दुकानात बघितला होता. पाकिटातला सुका कीस घातलास तर तो मलिदा राहणार नाही, सकाळच्या सीरिअलसारखं काहीतरी होईल. साखर, वेलची, बदाम, पिस्ते, बेदाणे. पाच फळं, त्यात खजूर आणि केळी पाहिजेतच. ताटात एक गुलाबाचं फूल. तू वॉटफर्डच्या सहस्रबुद्ध्यांची मुलगी, सत्यनारायणाच्या शिऱ्यावर वाढलेली, आणि नवऱ्याची सिगारेट सुटली म्हणून आम्हा ज्यूंच्या नबीचा, एलियाहू हन्नाबीचा मलिदा करावा असं तुझ्या मनात आलं, याचं मला फार बरं वाटलं. आमच्या बेने इस्राएल मुलींना हल्ली हे सुचत नाही, त्या दुकानातून केक आणतात. म्हणून तर पुढचं लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

तू एफ्राईमच्या पप्पांना पाहिलं नाहीस. तुमच्या हॉलमधल्या फोटोत ते हायकोर्टाच्या जजसारखे दिसतात, पण तसे मुळीच नव्हते. थट्टेखोर माणूस. भायखळ्याहून आम्ही इथे आलो आणि ते कौन्सिलच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. सकाळी डोळा उघडला की चहाच्याही आधी सिगारेट. ऑफिसात प्रत्येक टेबलावर ॲशट्रे असायचा, तिथे तर काय, विचारूच नकोस. बसमध्ये नेहमी वरच्या डेकवर बसायचं, कारण सिगारेट तिथेच चालायची. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात, तरी मी आपली जिना चढून त्यांच्यामागे वर. उतरेपर्यंत माझ्या कोटाला, केसांना, पर्समधल्या रुमालालासुद्धा वास. आमच्या नेटच्या पडद्यांचा मूळचा रंग कुठला होता, हे एफ्राईमला लग्नाच्या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

पण शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचे दिवे लावले की पाकीट ड्रॉवरमध्ये जायचं, ते शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत बाहेर यायचं नाही. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणजे नाही. आणि गंमत अशी की त्या दिवशी त्यांची चिडचिड नसायची, हात थरथरायचे नाहीत, काही नाही. दुपारी जेवून पोराशी कॅरम खेळत बसायचे. मी दर आठवड्याला त्यांना छेडायची, की एक दिवस जमतं तर उरलेले सहा का जमत नाहीत. ते म्हणायचे, रेबेका, शब्बाथला मी सिगारेट सोडत नाही, शब्बाथला सिगारेट नसतेच. मला ती पळवाट वाटायची. आता वाटतं की त्यात शिकण्यासारखं होतं. त्या दिवशी सगळं घरच थांबलेलं असायचं. त्यांना एकट्याला काही सोडायचं नव्हतं, आणि जमतंय की नाही म्हणून कुणी त्यांच्या तोंडाकडे बघतही नव्हतं.

इंग्लंडच्या हिवाळ्याचं त्यांना एकच कौतुक होतं, की शब्बाथ चहाच्या वेळेला संपतो. जूनमध्ये मात्र आभाळ काही अंधारायचं नाव घेत नाही. मग शेवटचा तासभर ते मागच्या खिडकीशी हात पाठीमागे बांधून तारे शोधत उभे. शब्बाथ संपवणारी हव्दालाची प्रार्थना झाली रे झाली की पहिली काडी मीच पेटवून पुढे करायची. हो, मीच. सिगारेटवरून आठवडाभर भांडणारी ही बाई शनिवारी काडेपेटी ॲप्रनच्या खिशात घेऊन तयार असायची. तो पहिला झुरका घेताना त्यांचा चेहरा असा काही सुखावायचा की मला राग धरून बसता येत नसे.

पुढे डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, भुवया वर केल्या, आणि सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं निकोटिनचं च्युइंगगम. ते हळूहळू चघळायचं असतं, मध्ये गालात धरून ठेवायचं असतं. हे आपले पान चावल्यासारखे चावायचे आणि दुपारभर उचक्या देत बसायचे. मग एक हिप्नॉटिस्ट झाला, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत. तिथे त्यांना छान झोप लागली आणि ताजेतवाने होऊन बाहेर पडल्याबरोबर त्यांनी बसस्टॉपवर सिगारेट पेटवली. मग बडीशेप झाली, लवंगा झाल्या, गाजराचे तुकडे झाले. ऑफिसातले लोक त्यांना ससा म्हणायला लागले.

प्रत्येक वेळी काही आठवडे जायचे आणि मग एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येऊन टेबलावर पाकीट ठेवायचे. खुर्ची ओढून बसायचे. मी भांडी आपटायची, दोन शब्द सुनवायची, एखाद वेळी रडायचीसुद्धा. मग चहा करायची. चहा होईपर्यंत पुढच्या वेळी काय करून बघायचं याचं बोलणं सुरू झालेलं असायचं. तेव्हा मला ही हार वाटायची आणि नातेवाइकांत बोलायची लाज वाटायची. आज विचारशील तर ते आमचे चांगले दिवस होते. त्यांचं पाकीट माझ्या टेबलावर येत होतं.

मग पंच्याऐंशी साल आलं. मार्च महिन्यात इथे तो नो स्मोकिंग डे असतो ना, त्या दिवशी त्यांनी पुन्हा सोडली. या वेळी क्लिनिकमधली नर्स चांगली भेटली. तिने सांगितलं, हातांना काहीतरी काम द्या. म्हणून त्यांनी कौन्सिलकडून अलॉटमेंट घेतली, भाजी लावायला रेल्वेलाइनजवळचा जमिनीचा तुकडा आणि त्यावर एक मोडकी शेड. आणि या वेळी खरंच जमायला लागलं. बसमध्ये ते खालच्या डेकवर बसायला लागले. त्यांना खाली बसलेलं बघून मला इतका अभिमान वाटायचा की कंडक्टरलाही सांगावंसं वाटे. पेसाहचा सण आला, गेला, आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांनी जाहीर केलं की आपण मलिदा करायचा. सगळ्यांना बोलवायचं आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने सांगून टाकायचं की सुटली. माझ्या मनात आलं की थोडं थांबावं. पण एवढ्या खुशीत असलेल्या माणसाला कोण थांबवणार. ते म्हणाले, एकदा चारचौघांत नबीचं नाव घेतलं की मला परतीचा रस्ता उरणार नाही, आणि मला तो उरायलाच नको आहे.

आमच्या फ्रंट रूममध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक जिन्यावर बसले होते. त्यांचा तो जाड काचेचा ॲशट्रे मी सोड्याने घासून लख्ख केला आणि त्यात खजूर मांडले, त्यावरून केवढी हसाहशी झाली. पुरुषांनी नबीचं गाणं धरलं, बायकांनी सूर दिला, फळं वाटली गेली. पप्पा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की योएल आता सुटला. थोरल्यांनी डोक्यावर हात ठेवले. शिल्पा, त्या दिवशी मला वाटलं होतं की याहून सुखाचा दिवस माझ्या लग्नाचाही नव्हता.

त्यानंतर चार उन्हाळे अलॉटमेंटवरून मेथी, कोथिंबीर आणि लांबलचक रनर बीन्स येत राहिले. पप्पा पावसातही जायचे, थंडीत जमीन दगडासारखी झालेली असली तरी जायचे. मी भेटेल त्याला सांगायची, की ज्याला सिगारेट सोडायची असेल त्याने भाजी लावावी. घरी येताना त्यांच्या तोंडात लवंग असायची. मला वाटायचं, राहिली असेल जुनी सवय. आणि शनिवारी संध्याकाळी ते अजूनही मागच्या खिडकीशी उभे राहून तारे शोधायचे. सिगारेटच नाही तर ताऱ्यांची घाई कसली, हे माझ्या मनात आलं होतं. आलं आणि मी ते ढकलून दिलं. विचारायचं तरी कसं, तू सांग. नबीचं नाव घेऊन झालेलं, सगळ्या गोतावळ्याने मलिदा खाऊन झालेला. नुसतं विचारणं म्हणजे नवऱ्याला खोटं ठरवणं.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या खुर्चीतच ते गेले, हार्ट अटॅकने. त्या दिवसाचं तुला एफ्राईमने सांगितलेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

सुतकाचे दिवस संपले आणि कौन्सिलचं पत्र आलं की अलॉटमेंट रिकामी करून द्या. मी एकटीच गेले. शेजारच्या तुकड्यावर मिस्टर डॉयल म्हणून आयरिश म्हातारे बटाटे लावायचे, त्यांनी थर्मासमधला चहा दिला. मला सगळं ठाऊक आहे अशा समजुतीने ते बोलायला लागले, की जोएलशिवाय (योएलचं त्यांनी जोएल केलेलं) आता सिगारेट ओढण्यात मजा नाही, या दोन क्रेट्सवर समोरासमोर बसून आम्ही काय काय गप्पा मारल्या. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. बिचारे फार ओशाळले, पण अर्ध्यावर थांबणं काही शक्य नव्हतं. मलिद्यानंतर त्याच उन्हाळ्यात ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं आणि पप्पांनी त्यांच्याकडे एक मागितली. एकीची दुसरी झाली. दर वेळी म्हणायचे, सण होऊन जाऊ दे, मग बेकीला सांगतो. बेकी म्हणजे मी. सण येत गेले.

हे ऐकून मला धक्का बसला, पण ते अनपेक्षित नव्हतं, अर्धं तर मला ठाऊकच होतं. मी मोडून पडले ते डॉयल पुढे जे बोलले त्याने. ते म्हणाले की त्या तीन वर्षांत जोएलने कितीतरी वेळा पुन्हा सोडली होती. एकदा रोश हशानाला, आमच्या नववर्षाला, सोडली ती बर्फ पडेपर्यंत. एकदा अख्खा वसंत. दर वेळी डॉयल त्यांच्याशी हात मिळवून शाबास म्हणायचे आणि पुढे महिना-दोन महिन्यांनी पुन्हा स्वतःच्या पाकिटातली एक द्यायचे. आणि शेवटचे काही आठवडे पप्पांनी एकही मागितली नव्हती.

माझा माणूस ऐन थंडीत दिवसचे दिवस स्वतःशी झगडून घरी यायचा, आणि मी त्याला विचारायची की कोथिंबीर का नाही आणली. आमच्या लेखी त्यांची सिगारेट कधीच सुटलेली होती, मग शाबासकी कशाची द्यायची. ते घसरले तेव्हाचं पाकीट माझ्या टेबलावर आलं नाही, त्याचं मला दुःख आहेच. पण सोडणं जमलं तेव्हाही ते मला सांगू शकले नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. तो हात मी मिळवायचा होता. त्या भल्या म्हाताऱ्याचा मला हेवा वाटतो, अजून वाटतो. मलिद्याने पप्पांचा परतीचा रस्ता बंद झालाच नाही. बंद झाला तो त्यांचा माझ्याकडे यायचा रस्ता.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. एफ्राईमलाही नाही. तो तेव्हा युनिव्हर्सिटीत होता, मलिद्याला घरी आला होता, आणि त्याच्या मनात ते चित्र तसंच आहे. आपल्या पप्पांनी एका झटक्यात सोडली आणि परत वळून पाहिलं नाही, हे तो मित्रांना सांगतो ते तूही ऐकलं असशील. मेलेल्या माणसाची अब्रू मी झाकून ठेवली, असं मला वाटत होतं. पोराच्या हातात त्याच्या बापाची खोटी उंची देऊन ठेवतेय, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता तुझ्या मलिद्याकडे येते. तुला दिवस गेलेले, त्या वासाने मळमळतं, म्हणून त्याने दंडावर पॅच लावून सोडली. तू लगेच मार्चमधला रविवार ठरवलास, तीस जणांना फोनही केलेस. तुझी काही चूक नाही, मी तुझ्या जागी असते तर पन्नास जणांना बोलावलं असतं. पण बुधवारी दुपारी, तू कामावर असताना, एफ्राईमचा त्याच्या औषधांच्या दुकानातून फोन आला. आधी त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हाच मी समजले की काहीतरी आहे, कारण माझे गुडघे त्याला एरवी आठवत नाहीत.  मग म्हणाला, आई, पप्पांना जमलं तसं मला नाही जमणार. दोनदा ओढली आहे त्याने, दुकानाच्या मागच्या अंगणात. दिवसभर काउंटरवर उभा राहून तो गिऱ्हाइकांना समजावतो की एखादी ओढली गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही, उद्यापासून पुन्हा सुरू करा. आणि स्वतःला हेच सांगायला त्याची जीभ उचलत नाही, कारण लोकांना आमंत्रणं गेली आहेत. शिल्पाला सांगू नकोस म्हणाला, आणि मी बरं म्हटलं. तो शब्द आज मोडते आहे. रागावला तर रागावू दे, माझा मुलगा आहे, निवळेल. एकाचं मी विचारलं नाही, दुसऱ्याचं झाकून ठेवणार नाही. तर सगळ्यांना फोन कर आणि सांग की सासूबाईंचा गुडघा सुजलाय, बेत पुढे ढकललाय. ते खोटंही नाही. मग हे पत्र त्याच्या हातात दे. त्याच्या बापाने किती वेळा सोडली, ते त्याला वाचू दे, आणि वाचून होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसू नकोस, चहा टाक. तो पाकीट काढून टेबलावर ठेवेल. हवं तर दोन भांडी आपट. त्यानंतर पोहे धुवायला घे. दोघांना दीड वाटी पुरतात, नारळ अर्धा, साखर तुमच्या चवीने.

तुझीच,
आई